मिठाला पाणी सुटलं

शुक्रवारी दोहात आमच्या मजल्याचा एसी गेला.
रविवारी आले तर मॅग्नेशियम क्लोराइडच्या बाटलीत
ओल्या बर्फीसारखा लगदा.
झाकण मीच सैल ठेवलं होतं,
अल खोरची सव्वापाचची बस गाठायची होती.

चमच्याने खरवडलं, तोललं.
काट्यावर आकडा अगदी बरोबर आला.
काटा पाणीही तोलतो,
हे उरणच्या मुलीला कुणी सांगायला नको होतं.

मार्च सरता सरता आमच्या मिठागरात
कप्प्याकप्प्यांत पांढरं धरायचं
आणि तळाशी उरायचं पिवळसर, तेलकट,
जीभ आखडून घेणारं कडवं पाणी.
बाबा बांध फोडून ते खाडीत सोडायचे.
"याला ठेवलास त मीठ सुकं व्हत नाय,
हवंतला पानी वढतंय."
त्याचं नाव मी बारावीत शिकले.
ओळख आधीचीच.

रायबोसोम म्हणजे नक्की काय गं, आई फोनवर विचारते.
मी सांगते: निरोप वाचून त्याबरहुकूम
प्रथिनाची साखळी ओवणारं यंत्र,
पण लोखंडाचं नाही, बरंचसं धाग्याचं.
आरएनएचा लांबच लांब धागा,
त्याच्या कण्यावर पावलोपावली ऋण भार,
आणि ऋण ऋणाला जवळ उभं करत नाही.
"ऋण म्हणजे उधारी?"
जवळजवळ.

मग एवढा धागा एवढ्याशा जागेत
घडी घालून बसतो कसा?
मधे मधे मॅग्नेशियम असतं म्हणून.
अंगाने चिमुकलं, भार मात्र दोन, तेही धन.
भांडणाऱ्या दोन वळणांच्या बेचक्यात शिरतं
आणि दोघांचं ऐकून घेतं.
काही तर आपलं पाणीही सोडत नाहीत:
सहा रेणू, एक वर, एक खाली, चार चहूबाजूंनी,
तशा ओल्या अंगानेच धाग्याला टेकतात.

वर्षभर मी पडद्यावर हेच करतेय.
हा ठिपका पाण्याचा की मॅग्नेशियमचा?
भोवती सहाजण नीट दिसले तर हिरवा रंग देते.
नाही दिसले तर इद्रीस म्हणतो, पाणीच समज,
खोटं लिहिण्यापेक्षा कमी लिहिलेलं बरं.
खार्तुममध्ये त्याचं घर आहे की नाही
हेही तो असंच सांगतो.

तर रविवारचं ते मीठ बफरमध्ये गेलं.
रात्रभर साखरेच्या पाण्यात नळ्या गरगरल्या.
सोमवारी आलेखावर एक शिखर यायचं, तिथे
दोन आली.
मोठा तुकडा वेगळा, छोटा वेगळा,
मधे थोडी खचलेली चढण.
मारिसेलने पंप तपासला, इद्रीसने तापमान,
मी गेल्या महिन्याची वही.
कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

लॅबमध्ये चाखायचं नसतं.
हातमोजा काढायचा नसतो तोही काढला,
बाटलीच्या कडेवरून बोट फिरवलं,
आणि बोटावर आलं ते तेलकटपण, अस्सल,
कप्प्याच्या तळाचं.
अर्धं मीठ, अर्धी दोहाची हवा.

इथल्या समुद्रात मॅग्नेशियमला तोटा नाही.
किनाऱ्यावरचा कारखाना रात्रंदिवस ते गाळून काढतो,
कडवं पाणी परत समुद्रात सोडतो,
आणि गोड पाण्यात पुन्हा चिमूटभर क्षार टाकतो.
बाबांना हे सांगितलं तर विचारतील,
मंग काहाडला कशाला?

बाटली नवी आणली, झाकण मेणफितीने बंद.
बुधवारी शिखर एकच आलं,
उंच, किंचित डावीकडे कललेलं.
इतक्या आनंदाचं काय करायचं ते कळेना,
म्हणून बाबांना फोन लावला.
तुमच्या कडव्या पाण्याने माझे तीन दिवस बुडवले.
पलीकडे कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचा आवाज,
मिठागर गेलं तरी ते संध्याकाळी तिथेच जाऊन बसतात.
"उघडा ठेवलास ना?"
एवढंच म्हणाले.

अल खोरला उतरले तेव्हा
बसच्या काचा बाहेरून घामेजल्या होत्या,
अंधारात तिवरांचा वास.
घरी येऊन आधी
मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले.